मोठ्या शिकारी माशांसाठी प्लांटेड टँक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकारी मासे आणि झाडं एका टँकमध्ये खरंच टिकतात का?

टिकतात. बहुतेक शिकारी मासे झाड खात नाहीत. ते झाड उपटतात, मोडतात आणि आपल्या घाणीने पाणी इतकं जड करतात की पानांवर शेवाळ चढतं. म्हणजे अडचण झाड खाण्याची नसून माशाच्या वजनाची आणि घाणीची आहे. म्हणूनच इथे आधी पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी ठरवायची, मग त्या लांबीला पुरेल असा टँक, त्या टँकला पुरेल असं फिल्टर आणि सगळ्यात शेवटी झाडं. बरेच जण नेमका उलटा क्रम धरतात. आधी सुंदर लेआउट लावतात आणि मग त्यात बोटभर आरोवाना सोडतात.

कोणते मासे निवडावेत?

झाडांशी सगळ्यात चांगलं जमतं ते चन्ना गटाचं, म्हणजे आपल्या मरळीच्या भाऊबंदांचं. दबा धरून बसणं हा त्यांचा स्वभाव, त्यामुळे पानांची आडोशाची जागा मिळाली की ते शांत राहतात आणि रंगही खुलतो. म्यानमारची चन्ना पुल्क्रा साधारण ३० सेंमी, आसामची चन्ना ऑरँटीमॅक्युलाटा ४० सेंमीच्या आसपास. ६ फुटी टँकला दोन्ही योग्य. ऑरँटीमॅक्युलाटा मात्र भांडकुदळ आहे. एकटी ठेवा, नाहीतर आपापसात जमलेली जोडी घ्या.

बिचीर हा दुसरा उत्तम पर्याय. सेनेगल बिचीर ३०–३५ सेंमीचा होतो, तळाशी फिरतो आणि कुंड्या सहसा उकरत नाही. त्याच्याबरोबर डॅटनॉइड, म्हणजे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा टायगर फिश, चांगला राहतो. तो सावकाश वाढतो आणि लाकडाच्या आडोशाला तासन्‌तास तिरका उभा राहतो. वयात आलेला डॅटनॉइड ४० सेंमीच्या पुढे जातो.

सिल्व्हर आरोवाना झाडांना हात लावत नाही, कारण तो पृष्ठभागालगत पोहतो. पण तो ९० सेंमीपर्यंत वाढतो. ६ फुटी टँक त्याला फार तर पहिलं वर्ष-दीड वर्ष पुरेल. पुढे ८ × ३ फुटांचा तळ लागतोच.

ऑस्कर ठेवायचाच असेल तर वाळूत एकही झाड लावू नका, सगळी झाडं लाकडावर बांधा. ऑस्कर तळ उकरतो, जोडी जमली की तर फारच.

कोणते मासे घेऊच नयेत?

पाकू, म्हणजे बाजारात रूपचंद म्हणून खायला मिळतो तो. दुकानात त्याची पिल्लं कधी कधी ‘पिरान्हा’ म्हणून विकली जातात. तो शाकाहाराकडे झुकलेला मासा आहे, आठवड्यात टँक बोडका करील. जायंट गोरामीचंही तेच. रेडटेल कॅटफिश एक मीटरच्या वर जातो, खडे-गोटे गिळतो, त्याला घरगुती टँक कधीच पुरत नाही. आपली मोठी मरळ, चन्ना मारुलिअस, हीसुद्धा मीटरभर होते. पिल्लू असताना शेपटीजवळचा नारिंगी डोळा फार देखणा दिसतो, तेवढ्यावर भुलू नका.

माझ्याकडे ४ फुटी टँक रिकामा आहे. चालेल का?

३० सेंमीच्या वर जाणाऱ्या माशाला नाही. रुंदी दीड फूट असेल तर मासा नीट वळूही शकत नाही. ४ फुटीत चन्ना ब्लेहेरी किंवा ओढ्यात सापडणारी छोटी चन्ना गचुआ यांची जोडी ठेवा. दोन्ही २० सेंमीच्या आतबाहेर राहतात. लागवडीचं तंत्र तेच.

मोठ्या माशांसाठी मापं काय धरावीत?

या पानावरचे सगळे हिशेब ६ फूट लांब, २.५ फूट रुंद, २ फूट उंच अशा टँकचे आहेत. रुंदीवर तडजोड करू नका, उंचीवर करा. उंच टँक दिसायला भारदस्त असतो, पण काच जाड लागते, तळापर्यंत प्रकाश पोचत नाही आणि हात तळाला पुरत नाही.

एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. तेव्हा ६ × २.५ × २ = ३० घनफूट, म्हणजे साधारण ८५० लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ७५० लिटरच्या आसपास. खताचा हिशेब नेहमी या ७५० वरच करा.

काच १२ मिमी, वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या आणि मधे एक आडवी पट्टी. सिलिकॉन मत्स्यालयासाठीचंच हवं. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन विषारी असतं. जोड पूर्ण वाळायला आठवडा द्या, त्याआधी पाणी भरू नका.

फ्लॅटची जमीन एवढं वजन पेलेल का?

पाणी ७५० किलो, काच १३५ ते १४० किलो, दोन इंच वाळू १०० किलोच्या वर, शिवाय लाकूड, दगड, स्टँड आणि खालचा सम्प, म्हणजे फिल्टरची टाकी. एकूण ११०० ते १३०० किलो होतात, आणि हे सगळं १५ चौरस फुटांवर. घरांच्या स्लॅबसाठी सर्वसाधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरलेला असतो. हा भार खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे टँक ठेवला म्हणून स्लॅब लगेच खचत नाही. तरी खोलीच्या मध्यभागी टँक ठेवणं टाळा. बीमच्या वर, कॉलमजवळच्या भिंतीला समांतर ठेवा. तळमजल्याशिवाय कुठेही ठेवणार असाल तर इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुन्या इमारतीत तर हे करायलाच हवं.

स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, त्यावर १८ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर १५–२० मिमी थर्माकोल. लेव्हल रिकाम्या टँकची बघा, मग चार बोटं पाणी भरून पुन्हा बघा.

फिल्टर कोणतं आणि केवढं?

सम्प. एवढ्या माशांना कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचं फिल्टर, कमी पडतं आणि ते वेळेवर धुतलं जात नाही. टँकखाली ३ × १.५ × १.५ फुटांचा सम्प बसतो. तो १९० लिटरचा होतो, म्हणजे टँकच्या पाण्याच्या पाव भाग. कप्प्यांचा क्रम असा: पहिल्यात फिल्टर वूल, दुसऱ्यात जाड स्पंज, तिसऱ्यात बायो मीडिया (जिवाणूंना घर देणारे सच्छिद्र तुकडे), शेवटी पंप आणि हीटर. हीटर सम्पमध्येच ठेवा. टँकमध्ये ठेवला तर शेपटीच्या एका फटक्यात फुटतो.

पाणी तासाला पाच-सहा वेळा फिरायला हवं, म्हणजे टँकपर्यंत प्रत्यक्ष पोचणारा प्रवाह ४००० ते ४५०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर वर चढवताना तो बराच घसरतो. म्हणून ६५००–७००० चा पंप घ्या आणि व्हॉल्व्हने कमी करा.

लाइट गेली की काय होतं, ते आधीच तपासून ठेवा. पंपाचं पाणी टँकमध्ये नेणाऱ्या रिटर्न पाइपमधून पाणी उलटं सम्पमध्ये ओढलं जातं. या टँकमध्ये पातळी एक इंच उतरली की ३५ लिटर खाली येतात. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली चार इंच असेल तर १४० लिटर खाली येतात आणि सम्पमध्ये न मावलेलं पाणी थेट हॉलमध्ये. उपाय सोपा आहे. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली रिटर्न पाइपला ४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. ते भोक महिन्यातून एकदा टूथपिकने साफ करा, शेवाळाने बुजतं. शिवाय चालू स्थितीत सम्प दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. भरल्यावर पंप बंद करून एकदा प्रत्यक्ष बघा.

ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकमधलं पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या कप्प्याच्या, फणीच्या फटी बारीक ठेवा आणि वर झाकण द्या. चन्ना बोटभर फटीतूनही निसटतो.

तळाला काय घालू?

धुतलेली जाडसर नदीची वाळू, दाणा १ ते २ मिमी, थर दोन इंच. अ‍ॅक्वा सॉइल, म्हणजे झाडांसाठीची तयार दाणेदार माती, घालू नका. मोठा मासा वळला की त्याचे दाणे फुटतात आणि पाणी गढूळ होतं. सुपारीएवढे गोटेही नकोत, भक्ष्याबरोबर पोटात जातात. एक तर वाळू, नाहीतर माशाच्या तोंडात न मावणारे गोटे. मधलं माप धोक्याचं.

क्रश सँड टोकदार असते, तळाशी राहणाऱ्या माशांची पोटं खरचटतात. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी कठीण होत जातं. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती घेऊ नका. दगडांनाही हीच परीक्षा. आपला काळा बेसॉल्ट उत्तम. जांभा सच्छिद्र असल्यामुळे मुळं छान धरतो, पण खरबरीत कडा घासून गोल कराव्या लागतात.

कोणती झाडं टिकतात?

लाकडावर, दगडावर वाढणारी झाडं हा कणा. अनुबिआस बार्टेरी आणि जावा फर्न यांची पानं चामड्यासारखी, माशाचा धक्का सहन करणारी. बोल्बिटिस देखणी, पण पाणी सतत २८ अंशांच्या वर गेलं की काळी पडते. मुंबईत ती उन्हाळा काढेलच असं नाही.

वाळूत वॅलिसनेरिया. ती धावत पसरते, एक रोप उपटलं गेलं तरी दहा उरतात. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत वाढणारी क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिससुद्धा चिवट आहे. रोपवाटिकेतून आणा, ओढ्यातून उपटू नका. अमेझॉन स्वोर्ड आणि क्रायनम मुळांचा मोठा पसारा करतात, म्हणून त्यांना कुंडी द्या.

आणि मनीप्लांट. माशांच्या घाणीतून तयार होणारं नायट्रेट शोषण्यात त्याच्यासारखं काही नाही, कारण पानं हवेत असल्यामुळे त्याला कार्बन डायऑक्साइड कमी पडत नाही. मुळांची माती स्वच्छ धुऊन आठ-दहा फांद्या ओव्हरफ्लोच्या कप्प्यात किंवा सम्पमध्ये लावा. मुळं पाण्यात, पानं बाहेर. मुळं पंपात जाणार नाहीत एवढं बघा.

सुरुवातीसाठी तीन मोठी लाकडं, अनुबिआस आणि जावा फर्नचे मिळून २५–३० गड्डे, चार कुंड्या आणि वॅलिसनेरियाची ४०–५० रोपं.

झाड लाकडावर बांधायचं कसं?

अनुबिआसला आडवा, बोटासारखा जाड खोड असतो. तो वाळूत पुरला की कुजतो, आणि ‘अनुबिआस मेला’ या तक्रारींचं मुख्य कारण हेच. मुळं कात्रीने इंचभर ठेवून कापा. लाकूड टिपून कोरडं करा. खोडाच्या खालच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी सायनोअ‍ॅक्रिलेट जेलचे थेंब ठेवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पातळ फेविक्विक वापरायचं तर खोड आणि लाकूड यांच्या मधे कापसाचा छोटा बोळा ठेवून त्यावर थेंब सोडा, लगेच घट्ट होतो. त्यावर पानांच्या मधून मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे दोन वेढे घाला. नुसत्या डिंकावर मोठ्या माशाच्या टँकमध्ये विसंबू नका. साधा सुती दोरा दीड महिन्यात कुजतो, मुळं धरायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात.

लाकूड आधी दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. तरंगणारं लाकूड स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने काळ्या फरशीच्या तुकड्यावर बसवा आणि फरशी वाळूत दाबा.

कुंडीची पद्धत कशी?

आठ इंची प्लास्टिकची कुंडी. खाली चार इंच चाळलेली लाल माती, तिच्यात शेणखत किंवा कंपोस्ट अजिबात नको, त्यातून अमोनिया सुटतो आणि माती सडते. वर दीड-दोन इंच जाड वाळू. रोप लावल्यावर त्याभोवती मुठीएवढे गोटे रचा. कुंडी लाकडामागे लपवली की दिसतही नाही, आणि रोप सडलं तर सगळा तळ न उकरता कुंडी उचलता येते.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडर लागेल का?

नाही, आणि चन्ना किंवा बिचीर असतील तर वापरूच नका. हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. बंद झाकणाखाली कार्बन डायऑक्साइड साचला तर तोच त्यांच्या श्वासात जातो. वर सुचवलेल्या झाडांना त्याची गरजही नाही.

प्रकाश आणि खत किती?

८० ते १०० वॅटचा एलईडी, रोज सहा ते सात तास, टायमरवर. जास्त प्रकाश दिला तर या टँकमध्ये झाडाच्या आधी शेवाळ वाढतं.

नायट्रेट आणि फॉस्फेट माशांच्या खाण्यातून मुबलक मिळतं. ‘सर्व अन्नद्रव्यांचं’ तयार खत घातलंत तर तेच वाढेल. कमी पडतं ते पोटॅशिअम आणि लोह. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोकं पडून ती पिवळी होत असतील तर पोटॅशिअम कमी. नवी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी.

कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारं ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, मिळतं. ७५० लिटरला आठवड्यातून ८ ग्रॅम घातलं की पोटॅशिअम सुमारे ४.५ पीपीएमने, म्हणजे लिटरला ४.५ मिलिग्रॅमने, वाढतं. लोहासाठी १२ टक्क्यांचं चिलेटेड फेरस, आठवड्यातून ०.६ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या मगमध्ये विरघळवून घाला. वजनाला छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याच्या अंदाजाने मोजू नका. शेतीची मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यं नकोत, त्यात तांबं असतं.

मासे कधी सोडायचे?

झाडं लावल्यावर किमान सहा आठवड्यांनी. या काळात मुळं धरतात आणि माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही तयार होतात. त्यांना खाद्य म्हणून शुद्ध अमोनिअम क्लोराइड, आपला नवसागर, ५ ग्रॅम घातला की ७५० लिटरमध्ये अमोनिया २ पीपीएम होतो. किराणा दुकानातला नको, रसायनांच्या दुकानातला घ्या. किटने मोजत राहा. अमोनिया संपत आला की पुन्हा तेवढाच घाला. एका डोसचा अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं झालं की टँक तयार. मग अर्धं पाणी बदला आणि मासे आणा. एकदम सगळे नकोत.

पाणी किती आणि कसं बदलायचं?

आठवड्याला ३५ टक्के, म्हणजे सुमारे २६० लिटर. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली राहिलं पाहिजे. ते वर जात असेल तर खाणं कमी करा किंवा पाणी वाढवा, तिसरा मार्ग नाही.

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. सोडिअम थायोसल्फेटचे खडे, दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतात ते, २६० लिटरला ३ ग्रॅम पुरतात. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला तर प्रमाण दुप्पट करा आणि ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी तपासा. पिवळा रंग आला तर क्लोरीन अजून आहे.

बोअरचं पाणी थेट टँकमध्ये सोडू नका. त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो. पिंपात २४ तास एअर स्टोन लावून मग वापरा. टीडीएस हजाराच्या घरात असेल तर आरओचं पाणी अर्धं मिसळा.

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तापमानाचं काय?

इथे माशानुसार उत्तर बदलतं. बिचीर आणि डॅटनॉइड २६ ते ३० अंशांत खूश. आसामकडच्या चन्नांना मात्र हिवाळ्याचा गारवा लागतो. वर्षभर २८–३० ठेवलं तर त्या खा-खा खातात, भराभर वाढतात आणि लवकर मरतात. पुणे-नाशिकला डिसेंबर ते फेब्रुवारी हीटर बंद ठेवा, पाणी १८–२० पर्यंत उतरू द्या आणि खाणं आठवड्यातून एकदाच द्या. मुंबई, कोकण, गोव्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, हे जमत नाही. तिथे बिचीरच घ्या.

झाकण हवंच का?

हवंच, वजनदार आणि कुलूपबंद. आरोवाना आणि चन्ना उडी मारतात, बहुतेकदा रात्री. पाणी आणि झाकण यांच्यात चार ते सहा इंच मोकळी हवा ठेवा. चन्नाला वर येऊन श्वास घेता आला नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरून मरतो. म्हणून तरंगत्या वनस्पतींनीही पूर्ण पृष्ठभाग झाकू देऊ नका. झाकणाचा एक भाग स्टीलच्या जाळीचा ठेवला तर उन्हाळ्यात उष्णता आणि दमट हवा बाहेर पडते.

खायला काय द्यायचं? जिवंत मासे?

जिवंत मासे नकोत. त्यांच्याबरोबर पांढरे ठिपके, जंत आणि जखमा टँकमध्ये येतात. गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते सतत दिलं की ब१ जीवनसत्त्व नष्ट होऊन मासा अशक्त होतो. चिलापीचे काटे काढलेले तुकडे, कवचासकट कोळंबी, स्वच्छ गांडुळं आणि मांसाहारी माशांचे पेलेट आलटून पालटून द्या. कोंबडीचं काळीज, मटण देऊ नका. ती चरबी माशाला पचत नाही आणि पाण्यावर तवंग येतो.

पिल्लांना रोज, पूर्ण वाढलेल्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. लांब चिमट्याने द्या आणि पंधरा मिनिटांत उरलेलं काढा. पेलेट न खाणाऱ्या निरोगी मोठ्या माशाला चार-पाच दिवस उपाशी ठेवून आधी पेलेटच दाखवा.

पानांच्या कडेला काळे केस आले आहेत.

ब्लॅक ब्रश शेवाळ. सडकं खाणं, कचऱ्याने भरलेलं फिल्टर वूल आणि जास्त वेळ चालू दिवा ही नेहमीची कारणं. वूल आठवड्यातून दोनदा धुवा, फार चढलेली पानं देठापासून कापा. तांब्याची शेवाळनाशकं घालू नका.

लागवड केल्यावर क्रिप्टोकोरीनची सगळी पानं विरघळली.

पाणी बदललं की ती असं करते. उपटू नका, मुळं जिवंत असतात. तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात.

मासा आजारी पडला तर औषध टँकमध्येच टाकू का?

नाही. मीठ आणि तांब्याची औषधं झाडं मारतात, काही औषधं फिल्टरमधले जिवाणू मारतात. झाकण असलेला ३ फुटी टँक आणि स्पंज फिल्टर बाजूला तयार ठेवा. नवा मासाही आधी महिनाभर तिथेच.

परवाना लागतो का?

आशियाई आरोवाना आणि अरापाइमा सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. विकणाऱ्याकडून कागदपत्रं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सिल्व्हर आरोवाना हा वेगळा, दक्षिण अमेरिकेतला मासा आहे.

मासा टँकपेक्षा मोठा झाला तर?

नदीत, तलावात, धरणात सोडायचा नाही. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात आणि भोपाळच्या तलावात अ‍ॅलिगेटर गार सापडले. हा उत्तर अमेरिकेतला मासा तिथे आपोआप पोचलेला नाही. उजनीत सकर माशाने मच्छीमारांची जाळी फाटतात, तोही असाच मत्स्यालयांतला मासा. मोठा टँक असलेला दुसरा छंदी माणूस शोधा किंवा दुकानदाराला परत द्या. घेतानाच ‘मोठा झाल्यावर परत घ्याल का’ असं विचारून ठेवा.

दहा दिवस गावाला जायचं आहे. कोणाला खायला घालायला सांगू?

कोणालाच नाही. पूर्ण वाढलेला निरोगी मासा दहा दिवस आरामात उपाशी राहतो. शेजाऱ्याने प्रेमाने घातलेलं जास्तीचं खाणं जास्त धोक्याचं. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, वूल धुवा, झाकणाचं कुलूप बघा. पंपाला इन्व्हर्टर जोडा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंपही लावून ठेवा. शेजाऱ्याला फक्त एवढंच सांगा: रोज एकदा येऊन सम्पमधली पातळी खुणेपर्यंत आहे ना आणि पंपाचा आवाज येतो ना, ते बघा. खूण टेपने काचेवर लावून ठेवा आणि पाणी त्याखाली गेलं तर ओतायला क्लोरीन काढलेल्या पाण्याच्या दोन बादल्या बाजूला भरून ठेवा.